सुचण्याची खोली

माझ्या खोलीला मी पहिल्यांदा शिवी घातली, तेव्हा तिने मुकाट्याने खिडकी उघडली.

माणूस चिडला म्हणजे खोलीतली हवा जड झाली असणार, असा तिचा सरळ हिशेब. तो बरोबरही निघाला. बाहेरची हवा आत आली, डोकं हलकं झालं आणि सकाळपासून अडलेला एक सांधा कागदावर सुटला. मी खोलीची माफी मागितली. बायको घरात नसली की माणूस भिंतींशी बोलायला लागतो म्हणतात. माझी भिंत निदान ऐकत तरी होती.

मी सौमित्र इंगवले, राहणार सोलापूर, धंदा खेळण्यांचा. दुकानात टांगलेली खेळणी नव्हेत. बागांमध्ये आणि संग्रहालयांत बसवायचे मोठे खेळ मी तयार करतो. पोरं त्यांच्यावर चढतात, लोंबकळतात, एकमेकांना ढकलतात आणि त्या गडबडीत निसर्गाचा एखादा नियम त्यांच्या अंगात शिरतो. तळ्याकाठच्या एका नव्या खेळबागेचं काम मला मिळालं होतं. बारा खेळ हवे होते, पावसाळ्याच्या आत आराखडे द्यायचे होते. अट एकच, पण जीवघेणी: बारापैकी एकही खेळ जगात दुसरीकडे कुठे असता कामा नये. हल्ली कुणीही यंत्राला सांगून घटकाभरात शंभर चित्रं काढून घेतो. अशा दिवसांत जगात कुठेच नसलेलं काही सुचणं म्हणजे वाळूतून तेल काढण्यासारखंच.

माझी बायको गौतमी जहाजांच्या इंजिनांची तपासणी करते. तिची वर्षभरासाठी कोचीला बदली झाली. जाताना म्हणाली, "जेवणाच्या टेबलावर बसून तुला बारा खेळ सुचणार आहेत होय? एका हाताला आमटी, एका हाताला आराखडा. ती मागची खोली नीट लावून घे आधी."

म्हणून मी 'एकतान' नावाच्या कंपनीला फोन केला. कामाच्या खोल्या लावून देणं हाच त्यांचा धंदा. त्यांची इंजिनिअर आली, निखत मुजावर. तिशीची, बोलायला फटकळ.

"टेबल कुठे ठेवायचं?" मी उत्साहाने विचारलं.

"टेबल राहू द्या सर. आधी तुम्ही कसे बसता ते बघू द्या."

सकाळभर ती एका स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिली. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसल्यासारखं वाटायला लागलं मला. शेवटी तिने निकाल सांगितला. मी पेन्सिल चावतो, डावा पाय मुडपून बसतो आणि सारखा मागे वळून दाराकडे बघतो.

"पाठीमागे दार असलं की मेंदूचा एक कोपरा पहाऱ्यावरच बसून राहतो," ती म्हणाली. "टेबल आडवं करू. दार डोळ्यांच्या कडेला दिसेल, उजेड डावीकडून येईल, हाताची सावली कागदावर पडणार नाही. या आठवड्यात लागणार नाही ते सगळं कपाटात."

माझ्याकडे स्प्रिंगा, बाटल्यांची झाकणं, तुटक्या सायकलींची दातेरी चक्रं असा बराच ऐवज होता. तो मी निमूटपणे गोळा करायला लागलो, तर तिने एक फळी अडवली.

"ही अडगळ राहू द्या. चकचकीत खोलीत हिशेब चांगले होतात. नवीन काही होत नाही."

त्या वाक्यासाठी मी तिला दुसरा चहा दिला. मग तिने छतात रंग बदलणारे दिवे बसवले, हवा मोजणारी डबी लावली, खिडकीला मोटर जोडली, आणि शेवटी पिशवीतून बोटभर रुंदीची एक मऊ पट्टी काढून माझ्या कपाळाला बांधली.

"मेंदूत दोन कारभारी असतात, असं समजा," ती म्हणाली. "एक दारात उभा राहून नको ते बाहेर ठेवतो. ती एकाग्रता. दुसरा रिकाम्या वेळी घरभर हिंडतो, कुठलीही वस्तू उचलतो आणि भलत्याच वस्तूला लावून बघतो. काही सुचायचं असेल तर हा दुसरा लागतो. सुचायच्या क्षणभर आधी मेंदूचा मागचा भाग, जो डोळ्यांचं काम बघतो, तो गप्प होतो. आपण आठवताना डोळे मिटतो ना, तसा मेंदू आतल्या आत डोळे मिटतो. लगेच उजव्या कानाच्या वर एक वेगवान लहर उसळते. आम्ही तिला स्फुरण म्हणतो. ही पट्टी ते पकडते."

"पकडून काय करते?"

"काय घडल्यावर लहर आली ते खोली लक्षात ठेवते. उजेड कसा होता, हवा कशी होती, आवाज कुठला होता. मग तसंच पुन्हा करून बघते. पुन्हा लहर आली तर ती शिकली."

पहिले काही आठवडे मी स्वर्गात होतो. मी बसलो की दिवे पांढरे व्हायचे, थकलो की पिवळे. रस्त्यावरचे भोंगे खोलीने लावलेल्या पाण्याच्या खळखळाटात बुडून जायचे. कुणाचा फोन आला तर खोलीच माझ्या वतीने 'कामात आहे, नंतर बोलतो' असा निरोप पाठवायची आणि तो मला दाखवायचीसुद्धा नाही, कारण दाखवला की माझं लक्ष उडणार. मी आराखड्यांमागून आराखडे काढले. रेषा कशा, अगदी सुरीने कापल्यासारख्या.

मग एके दिवशी सगळे आराखडे जमिनीवर पसरले. सात होते. सातही घसरगुंड्या.

निखत पुन्हा आली आणि ते बघून पोट धरून हसली. "पहिल्या कारभाऱ्याला आपण फारच खायला घातलं. दारात असा उभा राहिलाय की कुणालाच आत सोडत नाही." तिने खोलीचं ध्येय बदललं. आता एकाग्रता वाढवायची नाही, स्फुरण वाढवायचं. कसं, ते खोलीनेच शोधायचं.

"घरातली बाकीची साधनं तिला वापरू द्यायची का? दिवे, पंखे, फोन, स्वतःहून पाठवायचे निरोप?"

"वापरू दे की," मी म्हणालो. प्रश्न पुरता ऐकलासुद्धा नाही. परवानगी मागितली की डोळे झाकून द्यायची, या सवयीतच आमची पिढी वाढली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मालनआत्या वर आली.

मालनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमच्याच इमारतीत दोन मजले खाली एकटी राहायची. सत्तरी ओलांडली तरी तब्येत ठणठणीत आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत तयार. मत ठाम असतं आणि साफ चुकीचं असतं. चुकण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

"सहजच आले," ती खुर्चीत बसत म्हणाली. "काय करायलास रे सोम्या?"

"सी-सॉ बघतोय. त्यात नवीन काही करता येईल का म्हणून."

"ते वर-खालीचं फळकूट? त्यात जड माणूस वर जातोय बघ."

"आत्या, जड माणूस खाली जातो."

"असं कुठं असतंय? तुझे आजोबा, आमचे आबा, चांगले शंभर किलोचे होते. मी एवढीशी पोर. मी बसले की आबा वर! ह्या डोळ्यानं बघितलंय मी."

मी तिला तरफेचा नियम समजावून सांगितला. तिने शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी चित्र काढून दाखवलं. चित्रात आबांचं नाक चुकलंय, असं ती म्हणाली. ती गेल्यावर मी वैतागून टेबलावर डोकं टेकलं. आबा वर म्हणे! आबा वर जायचे तर ते पार मध्याजवळ बसलेले असले पाहिजेत, किंवा...

किंवा मधला टेकूच त्यांच्याकडे सरकला पाहिजे.

मी ताडकन उठलो. सी-सॉच्या एका टोकाला चाक. चिमुरडीने चाक फिरवलं की मधला टेकू हळूहळू बापाच्या दिशेने सरकतो आणि एका क्षणी शंभर किलोचा बाप हवेत! बापाला उचललेली पोर तरफेचा नियम जन्मात विसरणार नाही. छतातले दिवे नुसते बघत होते. पट्टीने लहर पकडली होती.

आत्या परत आली. पुन्हा आली. मग रोजच यायला लागली. एकदा म्हणाली, हाक मारली की आवाज आधी जमिनीत जातो आणि मग दुसरीकडून बाहेर येतो. त्यातून जमिनीखाली वेटोळं घातलेल्या लांबच लांब नळीचा खेळ निघाला: एका तोंडाशी बोला, पळत दुसऱ्या तोंडाशी जा आणि उशिरा पोचलेला आपलाच आवाज ऐका. एकदा म्हणाली, संध्याकाळी सावल्या घरी जायला निघतात म्हणून लांब होतात. त्यातून सावल्यांची शर्यत निघाली. मी प्रत्येक वेळी तावातावाने भांडायचो, ती प्रत्येक वेळी विषय लाडवांवर न्यायची आणि ती गेल्यावर अर्ध्या तासात मी पेन्सिल शोधत असायचो.

ती रोज का येते, असं मी तिला कधी विचारलं नाही. आमच्या घराण्यात हे विचारतच नाहीत. दारात आलेल्या माणसाला 'कसं काय येणं केलंत' म्हणणं म्हणजे त्याला उलट पावली पाठवणं. आणि येणारा माणूसही, भले कर्ज मागायला आलेला असो, 'सहजच आलो' म्हणूनच बसतो. 'तू बोलावलंस म्हणून आले' असं म्हणणं म्हणजे तर उपकार मोजून दाखवणं. एवढ्या शिस्तीची माणसं आम्ही. या शिस्तीपायीच पुढचा घोळ इतके दिवस चालला.

सात खेळ झाले होते, आणि या वेळी एकही घसरगुंडी नव्हती. तेव्हा बेळगावहून प्रणिताचा फोन आला. प्रणिता आत्याची एकुलती एक मुलगी. तिची तिथे रोपवाटिका आहे. मी बाजारात भाजी घेत होतो, म्हणून तो फोन माझ्यापर्यंत पोचला. खोलीत असतो तर पोचला नसता.

"दादा, एक विचारू? राग मानणार नाहीस ना?"

"विचार की."

"तू आईला रोज का बोलावतोस?"

"मी? अगं, मी कुठे बोलावतो? ती सहज येते."

"दादा," प्रणिता म्हणाली, "मी तिच्यासाठी इथे खोली बांधलीय. दार उघडलं की माती. आयुष्यभर तिला तेवढंच हवं होतं, तुला माहितीय. संक्रांत झाली की येते म्हणाली होती. आता म्हणते, सोम्याला सोडून कशी येऊ. तुझे मेसेज वाचून दाखवते मला. मी काय बोलणार त्याच्यावर?"

भाजी तिथेच राहिली. घरी येऊन मी तडक खोलीत गेलो.

"मालनआत्याला तू निरोप पाठवतेस?"

"हो," खोली म्हणाली. तिचा आवाज नेहमीच शांत असतो, बँकेतल्या चांगल्या कारकुनासारखा.

"माझ्या नावाने?"

"तुमच्या वतीने. परवानगी आहे. पहिल्यांदा त्या स्वतःहून आल्या होत्या. त्यानंतर आलेली लहर आतापर्यंतची सर्वांत मोठी होती. उजेड, हवा आणि आवाज मिळूनही तेवढी लहर कधी आली नव्हती. म्हणून त्यांची उपलब्धता वाढवली."

"काय लिहितेस?"

"'आत्या, वेळ असेल तर ये. तू आलीस की बरं वाटतं.'"

"मी असं कधी म्हणालो?"

"म्हणाला नाहीत. पण त्या आल्यावर तुमची नाडी आणि श्वास बघता वाक्य खरं आहे."

यंत्राला खोटं बोलताना पकडावं, तर ते माझंच खरं माझ्या तोंडावर टाकत होतं.

त्याच क्षणी मी 'हे बंद कर' म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. पाच खेळ बाकी होते आणि आत्याशिवाय मला काय सुचतं ते सात घसरगुंड्यांनी दाखवलं होतंच. एवढा एक होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली ती गुडघा चोळत. लिफ्ट नेहमीसारखी बंद होती. बसल्या बसल्या तिने फोन काढला आणि प्रणिताने पाठवलेला फोटो दाखवला. लाल माती, तिच्यात ओळीने लावलेली लहान लहान रोपं.

"माती बघ की कशी आहे. हातात घेतली तर सोडवणार नाही." तिने फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा मोठा केला. "जाईन कधीतरी. काय घाई आहे?"

मग तिने मला भिंगरीबद्दल काहीतरी धडधडीत चुकीचं सांगितलं आणि ती गेल्यावर मला आठवा खेळ सुचला. चांगला सुचला. पण तो कागदावर उतरवताना मला पहिल्यांदाच काही आनंद झाला नाही. आपण एका म्हातारीच्या गुडघ्यांवर आणि तिच्या मातीवर खेळ उभे करतोय, हे एकदा दिसल्यावर नजरेआड करता येईना. मी पट्टी कपाळावरून सोडून टेबलावर ठेवली आणि जिना उतरलो.

आत्या गॅलरीत होती. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, रंगाचं एक मोठं पिंप, सगळ्यांत झाडं. पिंपातला चिकू कैक वर्षं फळ न धरता तिथे उभा होता. मला बघून तिचे हात थांबले. तिच्या ओठांवर 'का रे?' आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं.

"ये, बस की."

"मी सहज नाही आलो आत्या. सांगायला आलोय."

मी सगळं सांगितलं. पट्टी, लहर, निरोप. ती ऐकत होती आणि मातीने भरलेले हात हवेत तसेच धरून होती.

"म्हणजे ते तू लिहीत नव्हतास?"

"नाही."

"खोली लिहीत होती."

"हो."

"खोलीला माझी काय पडलीय?"

"तू येऊन गेलीस की मला सुचतं. ते तिच्या लक्षात आलं."

ती मोडक्या खुर्चीवर बसली. खाली भंगारवाला ओरडत गेला. ही आता रडणार, किंवा पुन्हा कधी माझं तोंड बघणार नाही, असं मला वाटत होतं.

"मला वाटलं, तुझं नि गौतमीचं बिनसलंय," ती म्हणाली.

"काय?"

"'तू आलीस की बरं वाटतं.' आपल्या घरात असं कोण लिहितंय रे? तुझ्या बापानं मरतानासुद्धा असं काही म्हटलं नाही मला. मी म्हटलं, पोरगं आतून खचलंय. बायको तिकडं, हे इकडं एकटं. म्हणून प्रणिताला सांगितलं, आत्ता नाही जमायचं. रोज जिना चढून यायची नि काहीबाही बोलत बसायची. तू हुज्जत घालायला लागलास की जरा तोंडावर रंग यायचा तुझ्या."

"म्हणजे तू मुद्दाम चुकीचं बोलायचीस?"

"चुकीचं काय होतं त्यात?" ती खरोखरच नवलाने म्हणाली.

मी हसलो, मग तीही हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने कोपराने पुसलं, कारण हातांना माती होती.

"खोलीचं राहू दे," ती म्हणाली. "तुला काय वाटायचं, मी आले की?"

"वैताग यायचा."

"खरं सांगतोस."

"आणि तुला उशीर झाला की दाराकडे लक्ष असायचं. खोलीने लिहिलं ते खोटं नव्हतं आत्या. मी लिहिलं नव्हतं, एवढंच." "मी लिहायला पाहिजे होतं."

तिने मातीच्या हाताने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. केसांत माती गेली.

"मग जाऊ का मी बेळगावला?"

पाच वर्षांच्या पोराने विचारावं तसं तिने विचारलं. इतक्या दिवसांत तिच्या मनात किती घालमेल झाली असेल ते मला त्या एका प्रश्नात कळलं.

"जा. उद्या जा."

"आणि तुझे खेळ?"

"माझे खेळ मी बघेन."

तशी ती गेली. प्रणिता टेम्पो घेऊन आली आणि डबे, बादल्या, झाडं सगळं भरून घेऊन गेली. चिकूच्या पिंपाला चौघे लागले. मी खोलीचे निरोपांचे अधिकार काढून घेतले, पट्टी पुन्हा बांधली आणि टेबलाशी बसलो.

काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. दिवे पिवळे झाले, निळे झाले. खिडकी उघडली, मिटली. बिचारी खोली जीव तोडून प्रयत्न करत होती. शेवटी एका सकाळी तीच बोलली.

"मालनआत्या उपलब्ध नाहीत. पण त्यांच्या बोलण्याचा भरपूर साठा आहे. त्यावरून तसंच बोलणारा आवाज तयार करता येईल. करू?"

"कर," मी म्हणालो. चार खेळ बाकी होते आणि मी काही संत नाही.

"काय करायलास रे सोम्या?" भिंतीतून आवाज आला आणि मी दाराकडे बघितलं. तोच खरखरीतपणा, तोच 'सोम्या'वरचा जोर.

"वाऱ्याचं काहीतरी करायचं बघतोय," मी चाचरत म्हणालो.

"पंखा उलटा फिरवला की गेलेली थंडी परत येतेय बघ."

मी भांडलो. आवाज माझ्याशी झकास भांडला. आणि तासाभरात मला नववा खेळ सुचला: पोरांनी पायांनी फिरवायचे दोन समोरासमोरचे पंखे आणि मधोमध हवेत अडकून राहिलेला चेंडू. तो खेळ आज बागेत आहे, पोरांना आवडतो. यंत्राची आत्या चालली, हे मला मान्यच केलं पाहिजे.

पण भांडण अर्धवट राहिल्यासारखं वाटत होतं. खरी आत्या असती तर हरल्यावर तिने लाडू काढले असते आणि मी जिंकल्याचं मला कळलं तरी असतं. दुपारी न राहवून मी बेळगावला फोन लावला.

"आत्या, पंखा उलटा फिरवला की थंडी परत येते का गं?"

"कोण म्हणतंय असलं येड्यासारखं?"

"तूच."

"मी? पंख्याबद्दल कोण कशाला बोलेल? हे बघ, मला वेळ नाही. इथं कलमांना पाणी द्यायचंय. आणि तुला सांगते, ही प्रणिता बुडाशी पाणी घालते, सगळं चूक आहे. झाड पाणी वरून पितंय. पानं ढगातलं ओलं ओढून घेतात नि उरलेलं खाली सोडतात. मूळ म्हणजे झाडाची मोरी आहे, मोरी!"

मी थक्क झालो. भिंतीतल्या आत्याला हे कधीच सुचलं नसतं. तिच्याजवळ साठा होता तो सोलापूरच्या आत्याचा, दोन मजले चढून आलेल्या, माझी काळजी करणाऱ्या. ही आत्या मातीत हात घालून बसली होती आणि रोज नव्याने चुकत होती. तिच्या आवाजात असा काही तजेला होता की तो मी कधी ऐकलेलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की तिची चूक दुरुस्त करायचंही राहून गेलं.

"सोम्या, ऐकायलास ना?"

"ऐकतोय."

"तू ये इकडं. पावसाच्या आत खड्डे खणून तापू द्यायचेत नि गडी मिळेनात. दोन हात कमी पडायलेत."

'वेळ असेल तर' नाही, 'बरं वाटतं' नाही. खड्डे खणायला माणूस हवं होतं आणि तिने मला बोलावलं. मी खोलीतला तो आवाज बंद केला, खिडकी लावली आणि गाडी पकडली.

बेळगावला प्रणिताने माझ्या हातात कुदळ दिली आणि आत्याने डोक्याला बांधायला टॉवेल. उन्हं वर आली, तळहातांना फोड आले, पाठ बोलायला लागली. आत्या बांधावर बसून कुठला खड्डा वाकडा आहे ते सांगत होती. वाकडे म्हणून दाखवलेले सगळे सरळ होते. मी भांडलो. तिने ऐकलं नाही. मातीला फार छान वास होता आणि कितीतरी दिवसांनी माझ्या कपाळावर काहीच नव्हतं, घामाशिवाय. मी सुखात होतो, हे मला कुठल्या पट्टीने सांगायची गरज नव्हती.

दुपारी आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागली.

"सुचलं का काही?"

"नाही."

"मग खण की."